पिकांची क्षारसहनशीलता जनुकीय अभियांत्रिकीने वाढवताना

क्षारसहनशील पीक तयार करायचे ठरले की पहिली चर्चा सुरू होते ती 'कोणते जनुक घालायचे' याची. माझ्या मते ही चर्चा थोडी उशिरा व्हायला हवी. मिठाने वनस्पतीची नेमकी कोणती हानी होते, आपले पीक वाढीच्या कोणत्या अवस्थेत त्यापुढे हरते आणि ती हानी कोणत्या पेशींमध्ये रोखता येईल, याचा विचार आधी झाला तर जनुकाची निवड बरीचशी आपोआप होते. तो न झाल्यास उत्तम जनुकही वाया जाते. हे मार्गदर्शन वनस्पती जैवतंत्रज्ञानाचा प्रकल्प प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी असून उदाहरणे प्रामुख्याने भाताची घेतली आहेत, कारण या पिकात ही सर्व कामे तुलनेने रुळलेली आहेत.

आधी हानी ओळखावी

जमिनीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त भरली की ती जमीन क्षारयुक्त मानली जाते. हे प्रमाण सुमारे ४० मिलीमोलार मिठाइतके असते. समुद्राच्या पाण्यात ते ५०० मिलीमोलारच्या आसपास जाते. अशा जमिनीत रोपावर दोन आघात होतात आणि ते एकाच वेळी होत नाहीत. पहिला आघात परासरणाचा असतो. मुळांभोवतीचे द्रावण खारट झाल्यामुळे पाणी ओढून घेणे कठीण होते, पर्णरंध्रे मिटू लागतात आणि नव्या पानांची वाढ काही तासांतच मंदावते. या टप्प्यावर सोडियमने पानाला अजून काहीही केलेले नसते. दुसरा आघात काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दिसतो. बाष्पोच्छ्वासाबरोबर वर चढलेला सोडियम जुन्या पानांत साचत जातो, पेशीद्रव्यात पोटॅशियमच्या जागा अडवतो, पोटॅशियमवर चालणारी विकरे अडखळतात आणि पान टोकाकडून वाळत येते.

दुसरा आघात किती चिवट असतो हे एका साध्या हिशेबावरून कळते. वनस्पती जितके पाणी शरीरात राखते त्याच्या सुमारे ५० पट पाणी ती हवेत सोडते. म्हणजेच पानांतील मीठ मातीतील द्रावणापेक्षा अधिक तीव्र होऊ द्यायचे नसेल, तर मुळांना ९८ टक्के मीठ बाहेरच अडवावे लागते. ९५ टक्के अडवणारे मूळ ऐकायला कार्यक्षम वाटते, पण त्याच्या पानांत दुपटीहून अधिक मीठ पोहोचते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. सोयाबीन, द्राक्ष आणि लिंबूवर्गीय फळझाडांमध्ये सोडियमपेक्षा क्लोराइड अधिक घातक ठरतो, त्यामुळे तेथे केवळ सोडियम मोजून निष्कर्ष काढू नये. दुसरी सूचना चोपण जमिनीबाबत आहे. चोपण जमिनीचा सामू चढलेला असतो, कार्बोनेट व बायकार्बोनेट अधिक असतात आणि मातीची घडण बिघडलेली असते. तिची नक्कल साध्या मिठाच्या द्रावणाने होत नाही. ज्वारीत 'एटी१' हे जनुक निकामी केल्यावर अशा अल्कधर्मी परिस्थितीत पीक अधिक तग धरते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, आणि तोच परिणाम भात व मक्यातही मिळाला. ही वाट क्षारयुक्त जमिनीसाठीच्या सोडियम वाहक (पेशीपटलातून सोडियमची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या) जनुकांपेक्षा वेगळी आहे. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर आपली जमीन यांपैकी कोणती, हे लिहिलेले असावे.

त्यानंतर पिकाचा उंबरठा पाहावा. मास आणि हॉफमन या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेली रीत आजही वापरात आहे: ठरावीक वाहकतेपर्यंत उत्पन्न घटत नाही, तिच्या पुढे प्रत्येक डेसीसायमनला ठरावीक टक्के घटते. भाताचा उंबरठा ३ आणि घट १२ टक्के धरली जाते, गव्हाची हीच आकडेवारी ६ आणि ७.१ टक्के, तर बार्लीची ८ आणि ५ टक्के आहे. म्हणजे ६ डेसीसायमनच्या जमिनीत गव्हाचे उत्पन्न अबाधित राहील, पण भाताचे ६४ टक्क्यांवर येईल. आपल्याला उंबरठा वर न्यायचा आहे की घट कमी करायची आहे, हे ठरवल्यावर अपेक्षा माफक आणि मोजता येण्याजोग्या होतात. भात रोपावस्थेत आणि फुलोऱ्यात अधिक संवेदनशील असतो, मधल्या काळात तुलनेने कमी. आणि या दोन अवस्थांमधील सहनशीलता एकमेकींशी बांधलेली नसते. रोपावस्थेत टिकणारी ओळ (एकाच मूळ रोपापासूनची संतती) फुलोऱ्यात पोचट दाणे देऊ शकते.

जनुक कोणते आणि कोणत्या पेशीत

सोडियम अडवण्याच्या वाटेवर सर्वाधिक तपासलेली साखळी 'एसओएस' या नावाने ओळखली जाते. पेशीत कॅल्शियमची लाट उठली की 'एसओएस३' हे प्रथिन ती ओळखते, 'एसओएस२' या विकराला जागे करते आणि ते विकर पेशीपटलावरील 'एसओएस१' या वाहकाला कामाला लावते. हा वाहक प्रोटॉन आत घेऊन सोडियम बाहेर टाकतो. दुसरा महत्त्वाचा गट 'एचकेटी' वाहकांचा आहे. मुळातील जलवाहिनीला लागून असलेल्या पेशींमधील 'एचकेटी१' वर निघालेल्या प्रवाहातून सोडियम परत खेचून घेतो. भाताच्या नोना बोक्रा या सहनशील वाणातून २००५ मध्ये ओळखले गेलेले 'एसकेसी१' हे जनुक याच गटातील, 'एचकेटी१;५' आहे. सहनशील आणि संवेदनशील वाणांच्या प्रथिनांत फरक निघाला तो अवघ्या ४ अमिनो आम्लांचा.

या गटाबाबतचा सर्वांत बोधक प्रयोग २००९ मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नेहमीच्या लहानशा वनस्पतीवर झाला. 'एचकेटी१;१' हे जनुक सर्व पेशींत चालू ठेवले तेव्हा रोपाच्या वरच्या भागात सोडियम वाढला. तेच जनुक केवळ मुळाच्या मध्यभागातील, जलवाहिनीभोवतीच्या पेशींत चालवले तेव्हा वरच्या भागातील सोडियम ३७ ते ६४ टक्क्यांनी घटला. जनुक एकच होते. पेशी बदलली आणि फळ उलटे आले. वाहक प्रथिन हे दार असते, आणि बाहेरच्या भिंतीला जादा दार बसवले तर चोरालाच वाट मिळते. म्हणून वाहक जनुकासाठी सर्वत्र व सदैव चालू राहणारा प्रवर्तक (जनुक कोठे व केव्हा चालेल हे ठरवणारा डीएनएचा भाग) निवडण्याची सवय मोडणे, हे मी या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल समजतो.

याच गटातील गव्हाचे उदाहरण थोडे अवघडवणारे आहे. ट्रिटिकम मोनोकॉकम या जुन्या गव्हातील 'एचकेटी१;५-ए' डुरम गव्हात आणल्यावर क्षारयुक्त शेतात दाण्याचे उत्पन्न २५ टक्क्यांनी वाढले, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. मात्र हे जनुक संकरणाने आणलेले होते. जेथे नात्यातल्या वाणात उपयुक्त जनुक आहे आणि संकरण शक्य आहे, तेथे अभियांत्रिकीचा खटाटोप का करावा, याचे उत्तर प्रत्येक प्रकल्पाकडे असायला हवे. उत्कृष्ट वाणाचे इतर गुण न हलवता एकच बदल करायचा असेल, किंवा जनुक संकरणाच्या आवाक्याबाहेरच्या प्रजातीत असेल, तर उत्तर समाधानकारक ठरते.

आत शिरलेला सोडियम निरुपद्रवी करायचा तर तो रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीत, कोंडावा लागतो. परिपक्व पेशीचा बहुतांश भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असतो, त्यामुळे जागेची अडचण नसते. अडचण आत ढकलण्याची असते. 'एनएचएक्स१' हा वाहक ते काम करतो. १९९९ मध्ये त्याचे जनुक जास्त चालवून ॲराबिडॉप्सिस आणि २००१ मध्ये टोमॅटो २०० मिलीमोलार मिठात वाढवून दाखवण्यात आला; टोमॅटोच्या पानांत सोडियम साचला, फळांत मात्र तो अल्प राहिला. या वाहकाला लागणारा प्रोटॉनचा उतार 'एव्हीपी१' हा पंप पुरवतो, आणि या पंपाचे जनुक असलेल्या बार्लीने क्षारयुक्त शेतातही अधिक दाणे दिल्याचे २०१४ मध्ये नोंदवले गेले. ही वाट ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त आहे. सोडियमचा एक मोल रिक्तिकेत नेण्यास एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे काही मोजके मोल पुरतात, तर मॅनिटॉल, प्रोलीन किंवा ग्लायसीन बीटेन या पेशीने स्वतः बनवायच्या संरक्षक द्रव्यांचा एक मोल घडवण्यास साधारण ३० ते ५० लागतात.

हा हिशेब संरक्षक द्रव्यांची जनुके घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. मटकीतील 'पी५सीएस' जनुक १९९५ मध्ये तंबाखूत घालून प्रोलीन वाढवण्यात आले. जिवाणूतील कोलीन ऑक्सिडेज घालून बीटेन तयार करणारी रोपे झाली. २००२ मध्ये ट्रेहॅलोज बनवणारा भात तयार झाला. यांपैकी बऱ्याच रोपांत द्रव्याचे प्रमाण इतके कमी असते की परासरणाचा तोल त्याने सावरला असे म्हणता येत नाही. प्रथिने व पटले यांचे रक्षण आणि घातक ऑक्सिजन रूपांचा निचरा हाच त्याचा खरा उपयोग असावा. द्रव्य वाढले म्हणून सहनशीलता वाढली, असे प्रमाण न मोजता लिहू नये.

अनेक जनुके एकत्र चालू करणाऱ्या नियंत्रक प्रथिनांचा मोह सर्वांना पडतो. 'डीआरईबी१ए' हे त्यांतील प्रसिद्ध नाव. ते सतत चालू ठेवलेली रोपे ताण सोसतात, पण खुजी राहतात. १९९९ मध्ये त्याला ताण आल्यावरच जागा होणारा 'आरडी२९ए' प्रवर्तक जोडला, तेव्हा खुजेपणा जवळजवळ गेला आणि सहनशीलता टिकली.

जनुक घालण्याऐवजी असलेले जनुक बंद करणे ही क्रिस्परची (डीएनए ठरावीक जागी कापून बदलण्याच्या तंत्राची) वाट आहे, आणि नव्या प्रकल्पासाठी मी तीच आधी तपासून पाहीन. भातातील 'आरआर२२' हे सायटोकायनिन या वनस्पती संप्रेरकाच्या संदेशवहनातील जनुक निकामी झाले की रोपे अधिक मीठ सोसतात. हे आधी उत्परिवर्तनातून मिळालेल्या वाणात दिसले आणि २०१९ मध्ये क्रिस्परने पुन्हा सिद्ध झाले. 'डीएसटी' जनुक बंद केले की पर्णरंध्रांची संख्या घटते. एमटीयू १०१० या वाणात असा बदल करून तयार केलेला पुसा डीएसटी राईस १ भारतात २०२५ मध्ये जाहीर झाला. अर्थात बंद करून भागेल अशी जनुके मोजकीच आहेत.

रचना आणि रूपांतरण

रचना करण्यापूर्वी आपल्या वाणातील त्या जनुकाचा क्रम स्वतः वाचून घ्यावा. माहितीसाठ्यातील क्रम दुसऱ्या वाणाचा असतो. क्रिस्परसाठी २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए निवडताना त्याच्या लगेच पुढे जनुकावर 'एनजीजी' हा क्रम हवा, आणि कॅस९ हे डीएनए कापणारे विकर त्याच्या ३ अक्षरे अलीकडे छेद घेते. वाणात तेथे एका अक्षराचा फरक असला तरी महिन्यांचे काम फुकट जाते. जनुक घालायचे असेल तर परक्या प्रजातीच्या जनुकाची कोडॉनरचना (अमिनो आम्लांसाठीच्या तीन-अक्षरी संकेतांची निवड) पिकाला साजेशी करून घ्यावी आणि प्रवर्तक वर सांगितलेल्या विचाराने निवडावा. एकदल पिकांत मक्याचा युबिक्विटिन प्रवर्तक आणि द्विदल पिकांत '३५एस' हे नेहमीचे पर्याय तुलनेसाठी ठेवण्यास हरकत नाही.

भातात पक्व दाण्याच्या भ्रूणातील वरुथिकेपासून (ढालीसारख्या बीजपत्रापासून) कॅलस, म्हणजे अविभेदित पेशींचे गोळे, तयार करतात. माध्यमात दर लिटरला २ मिलिग्रॅम २,४-डी हे वाढ-संप्रेरक असते. तीन-चार आठवड्यांनी फिकट पिवळे, कोरडे, हाताळताच रव्यासारखे सुटे होणारे गोळे निवडावेत. पाणचट आणि तपकिरी झालेले गोळे कितीही मोठे असले तरी टाकून द्यावेत, कारण त्यांतून रोपे येत नाहीत. ॲग्रोबॅक्टेरियम या जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या जिवाणूच्या द्रावणात, त्याला संसर्गासाठी उद्युक्त करणारे ॲसिटोसिरिंगोन १०० मायक्रोमोलार घालण्यास विसरू नये, एकदल पिकांत त्यावाचून संसर्ग फारसा होत नाही. गोळे काही मिनिटे बुडवून, निर्जंतुक टिपकागदावर नीट कोरडे करून, ३ दिवस अंधारात २५ अंश सेल्सिअसला ठेवावेत. कोरडे करण्यात घाई झाली तर जिवाणू माध्यमभर पसरतो आणि नंतर सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकालाही आवरत नाही. पुढे हायग्रोमायसिन या प्रतिजैविकावर (जनुक आलेल्या पेशीच त्यावर टिकतात) निवड, मग पुनर्जनन आणि मुळे फुटल्यावर कुंडी.

किमान २० ते ३० स्वतंत्र रूपांतरित रोपे मिळवावीत. जनुक गुणसूत्रावर कोठे बसेल हे आपल्या हाती नसते, आणि दोन-तीन रोपांवरून काढलेला निष्कर्ष जागेचा असतो, जनुकाचा नसतो. त्यांतून एकच प्रत असलेली रोपे सदर्न विश्लेषण किंवा डिजिटल पीसीआर या प्रती मोजण्याच्या पद्धतींनी वेगळी करावीत. पुढच्या पिढीत जनुक असलेल्या व नसलेल्या रोपांचे ३:१ प्रमाण तपासावे, त्यापुढच्या पिढीत ज्या रोपाची सर्व संतती प्रतिजैविकाला टिकते ती ओळ शुद्ध मानावी. क्रिस्परच्या बाबतीत एकच प्रत असल्यास स्वपरागणानंतर सुमारे एक चतुर्थांश रोपांतून कॅस९ निघून जाते. बदल राहिलेली पण कॅस९ नसलेली रोपे तेथेच वेचून घ्यावीत.

या टप्प्यावर आणखी एक काम करावे, जे बहुतेक वेळा राहून जाते. ज्या भावंडांत जनुक आलेच नाही त्यांचेही बी स्वतंत्र पाकिटात, ओळीच्या क्रमांकासह जपावे. उतिसंवर्धनातून गेलेल्या रोपांत अनेक आकस्मिक बदल होतात, त्यामुळे मूळ वाणाशी केलेली तुलना अपुरी पडते. खरी तुलना या जनुकविरहित भावंडांशीच होते.

चाचणीतच बहुतेक दावे गळतात

पेट्री डिशमधील अंकुरणाची चाचणी छायाचित्राला चांगली असते, पण तिचा उत्पन्नाशी संबंध अत्यंत सैल आहे. झाकलेल्या डिशमध्ये बाष्पोच्छ्वास जवळजवळ नसतो, आणि सोडियम वर चढतो तो बाष्पोच्छ्वासानेच. भाताची रोपे पोषक द्रावणात, खुल्या हवेत वाढवून तपासणे हा किमान दर्जा समजावा.

साधारण दोन आठवड्यांची रोपे योशिदा द्रावणात (भातासाठीच्या ठरलेल्या पोषक द्रावणात) असताना पहिले ३ दिवस वाहकता ६ डेसीसायमनवर आणि मग १२ वर न्यावी. १२ साठी लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम मीठ लागते. एकदम १२ वर नेले तर आपण क्षारसहनशीलता मोजत नसून धक्का मोजत असतो. सामू रोज ५ वर आणावा, उडालेल्या पाण्याची भरपाई शुद्ध पाण्याने करावी, आणि मिठाबरोबर कॅल्शियमचे प्रमाण सांभाळावे; अन्यथा दिसणारी लक्षणे कॅल्शियमच्या कमतरतेची निघतात. प्रत्येक ट्रेमध्ये मूळ वाण, जनुकविरहित भावंडे, आयआर२९ हा संवेदनशील आणि एफएल४७८ हा सहनशील वाण असलाच पाहिजे. पहिल्या दोन दिवसांत सर्वांचीच पाने दुपारी गुंडाळलेली दिसतील. तेथे गुण देऊ नयेत. आठवड्याच्या सुमारास आयआर२९ ची खालची पाने टोकाकडून पांढरट, कागदासारखी वाळू लागतात, आणि भेद तेव्हापासून दिसतो. आयआर२९ बहुतांशी वाळून हानीच्या १ ते ९ च्या मापावर (१ निरोगी, ९ जवळजवळ मृत) ७ ओलांडू लागला की नोंदी घ्याव्यात. तो टवटवीत असेल तर आपली ओळ टिकली याला काही अर्थ नाही.

पानांतील सोडियम मोजताना हातमोजे घालावेत. बोटांच्या घामातील मीठ लहानशा पानाच्या मोजणीत सहज मिसळते, आणि काचेतूनही थोडा सोडियम झिरपतो, म्हणून प्लास्टिकच्या नळ्या वापराव्यात. कोरे द्रावण टाकल्यावरही ज्वाला-प्रकाशमापी या सोडियम मोजण्याच्या यंत्राची ज्योत पिवळी झाली, तर दोष नमुन्यात नाही, भांड्यात आहे. जुने आणि नवे पान वेगवेगळे मोजावे. त्यांची सरासरी काढली की रोपाने सोडियम जुन्या पानात ढकलून नवे वाचवले, ही सर्वांत महत्त्वाची माहितीच नाहीशी होते. सोडियमबरोबर पोटॅशियमही मोजावा. एखाद्या ओळीत सोडियम कमी नाही तरीही पाने हिरवी आहेत, असे आढळले तर रिक्तिकेत साठवण होत असल्याचा तो संकेत असतो, आणि 'एनएचएक्स' किंवा 'एव्हीपी' वापरले असल्यास तेच अपेक्षित आहे.

यानंतर कुंड्यांमध्ये फुलोऱ्याच्या वेळी मीठ देऊन दाणे भरण्याची चाचणी स्वतंत्रपणे करावी.

क्षेत्रचाचणीसाठी देशातील जैवसुरक्षा नियमांनुसार परवानगी, विलगीकरणाचे अंतर आणि रानटी नातलगांकडे जाणाऱ्या परागाचा विचार आवश्यक असतो. केवळ जनुक बंद केलेल्या, परके डीएनए नसलेल्या रोपांसाठी अनेक देशांत वाट सोपी आहे. परवानगीपेक्षा अधिक डोकेदुखी शेत देते. क्षारयुक्त शेतात दहा पावलांवर वाहकता दुप्पट होऊ शकते. म्हणून पेरणीपूर्वी विद्युतचुंबकीय मापकाने शेताचा नकाशा करावा, वाफे त्यानुसार गटांत मांडावेत आणि प्रत्येक वाफ्यातील वाहकता हंगामात किमान तीनदा, दोन खोलींवर नोंदवावी. शेजारीच क्षारमुक्त जमिनीतील तोच प्रयोग हवा. काही ओळी क्षारात ५ टक्के कमावतात आणि चांगल्या जमिनीत १५ टक्के गमावतात. अशा ओळी सापेक्ष टक्केवारीत विजयी दिसतात, कारण त्यांना गमावण्यासारखे फारसे उरलेलेच नसते. निष्कर्ष लिहिताना टक्के नंतर द्यावेत. आधी दोन्ही जमिनींतील हेक्टरी उत्पन्न, वाफ्याची प्रत्यक्ष वाहकता आणि क्षार पिकाच्या कोणत्या अवस्थेत वाढला, हे द्यावे.